हा नेचा नवा आहे का? नाशिकच्या डोंगरात सुरुवात करणाऱ्यांसाठी

जुलैचा दुसरा आठवडा लागला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. ओल्या कातळावरचं एक हिरवंगार पान, मागे धुकं आणि खाली एक ओळ: "दादा, हा नेचा नवीन वाटतोय, बघा ना." फोटो बहुतेक वेळा पानाच्या वरच्या बाजूचा असतो. त्यावरून मला एवढंच सांगता येतं, की यंदा पाऊस बरा झालाय.

मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नाही. अंबडच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि पावसाळ्यातले रविवार त्र्यंबक, अंजनेरी, इगतपुरीकडे काढतो. नेच्यांचा नाद लागून बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला नवी जात एकही मिळालेली नाही. पण एखादा नेचा नवा का नाही, हे कसं शोधायचं ते मात्र चांगलं समजलं. नवी जात मांडणारा माणूसही हेच काम करतो, फक्त त्याला शेवटी वेगळं उत्तर मिळतं. जंगलात आपल्याला रोप मिळतं. त्याचं नवेपण ठरतं घरी, भिंगाखाली, दुसऱ्या पन्नास नमुन्यांच्या शेजारी ठेवल्यावर.

आपल्याकडे आता काय नवीन मिळणार, असं वाटत असेल तर नकाशा उघडा. सुरगाण्याच्या पलीकडे गुजरातचा डांग जिल्हा आहे. तिथल्या अहव्याच्या जंगलातून २०१८ साली ऑफिओग्लॉसम माल्वीई ही जात जगासमोर आली. उंची जेमतेम एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे नखाएवढी. शोधणाऱ्यांनी तिला जमिनीवर वाढणारा जगातला सर्वांत लहान नेचा म्हटलं. आपल्या अंजनेरीचंच नाव लावलेलं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. तो नेचा नाही, फुलझाड आहे. पण ज्या पठारावर आपण भजी खायला जातो तिथूनच ते निघालं.

आधी भिंतीवरचे नेचे

जगात नेच्यांच्या साधारण साडेदहा हजार जाती धरल्या जातात. सगळ्या कुणालाच येत नाहीत. तुम्हाला सुरुवातीला पंधरा-वीस पुरेत, पण त्या झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आल्या पाहिजेत. त्यासाठी डोंगर चढायची गरज नाही. जुन्या वाड्याची चुन्यातली भिंत, पडकी विहीर, पुलाखालची दगडी कड, तिथून सुरू करा.

भिंतीवर पहिला भेटतो हंसराज. काळा चकचकीत तारेसारखा देठ आणि त्याला अर्धचंद्राच्या पर्णिका. त्याच्याजवळच बऱ्याचदा टेरिस व्हिटाटा असतो, लांब शिडीसारख्या पानाचा. चुना असलेली जागा त्याला मानवते. जमिनीतलं आर्सेनिक शोषून हा नेचा पानात साठवतो, हे २००१ मध्ये लक्षात आलं. तेव्हापासून दूषित जमीन स्वच्छ करण्यासाठी त्याच्यावर प्रयोग चालू आहेत. विहिरीच्या कडेला उगवलेलं हे 'तण' काढताना माझ्या मनात दर वेळी ते येतं.

मग घाटाकडे या. चांदी नेचा ओळखायला सोपा: पान उलटं करून हाताच्या पालथ्या बाजूवर दाबलं की पांढऱ्या पुडीचा नक्षीदार ठसा उमटतो. झाडांच्या खोडांवर आणि कातळावर बाशिंग दिसेल. त्याला दोन प्रकारची पानं असतात. बुंध्याशी चिकटलेली तपकिरी, कागदासारखी पानं मेलेली वाटतात. पण ती गळत नाहीत, वरून पडणारा पालापाचोळा धरून ठेवतात आणि नेचा त्याच खतावर जगतो. बीजाणू, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे नवा नेचा उगवतो ते भुकटीसारखे कण, येतात ते उंच हिरव्या पानांवर. त्र्यंबकच्या वाटेवर एका मावशींना मी विचारलं होतं, हे काय म्हणून. त्या म्हणाल्या, "बाशिंग हाय ते. झाडाचं लगीन लागलंय." पुस्तकातलं वर्णन मी विसरतो, हे विसरलो नाही.

दोन गोंधळ लवकर मिटवून टाका. कुंडीत असतो तो 'अ‍ॅस्परॅगस फर्न' नेचा नाही, शतावरीचा भाऊ आहे. आणि तळ्याकाठी चार पाकळ्यांच्या पानाचा, तिपतियासारखा दिसणारा मार्सिलिया मात्र खरोखर नेचा आहे. सिलॅजिनेला दिसायला नेच्यासारखी, पण तिचं घराणं वेगळं.

पिशवीत काय असावं

दहापट मोठं दाखवणारं भिंग. सोनाराकडे असतं तेच, सराफ बाजारात विचारलं तर मिळतं. मिलिमीटरच्या खुणांची पट्टी. पेन्सिल, कारण पावसात शाई पसरते. जुनी वर्तमानपत्रं, चेनच्या पिशव्या, धारदार ब्लेड. बाकी दुकानदार सांगतील ते नंतर घ्या.

आणि परवानगी. राखीव जंगलातून वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक पानही तोडायचं नाही. अंजनेरी तर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. शिकायच्या पहिल्या दोन वर्षांत तोडण्याची गरजही पडत नाही. जागेवर बसून, भिंग लावून, पान न तोडता उलटं करून बघता येतं. तुमच्या घराच्या भिंतीवरचा हंसराज मात्र हवा तेवढा कापा, सराव तिथेच करा.

खालून वर बघा

नवखा माणूस आधी पानाचं कातरकाम बघतो. साहजिक आहे, सुंदर तेच असतं. पण नेच्यामध्ये सगळ्यात फसवं तेच. एकाच रोपाची सावलीतली पानं पातळ आणि पसरट, उन्हातली आखूड आणि जाड. कोवळ्या रोपाचं पान आणि मोठ्या रोपाचं पान तर एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत.

याचा धडा मला ब्रह्मगिरीच्या वाटेवर मिळाला. एका मोठ्या धोंड्याच्या सावलीत तळहाताएवढं, तीन कोपऱ्यांचं, जवळजवळ अखंड पान दिसलं. असा नेचा मी कधी पाहिला नव्हता. शेजारच्या झुडपाला लाल दोरा बांधला, चाळीस फोटो काढले आणि एका जाणकार प्राध्यापकांना पाठवले. त्यांनी उलट विचारलं, "अहो, बीजाणू कुठायत?" मी पान उलटून पाहिलंच नव्हतं. पुढच्या रविवारी परत गेलो. पाठ कोरी होती. सर म्हणाले, "मग थांबा वर्षभर." पुढच्या पावसाळ्यात लाल दोऱ्याखाली गुडघ्याएवढं, खोलवर कापलेलं पान उभं होतं, पाठीवर गोल ठिपक्यांच्या रांगा. टेक्टारिया. तो मला आधीपासून माहीत होता. त्याचं बाळपण तेवढं मी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरला. बीजाणू नसलेल्या रोपाबद्दल मत द्यायचं नाही. आणि बघायचं ते खोडापासून वर.

खोड बहुधा मातीत किंवा शेवाळात दडलेलं असतं. ते आडवं सरपटतंय की उभं आहे? पानं एका झुपक्यात निघतात की दूरदूर एकेक? मग खोडाच्या टोकावरचे खवले. भिंगातून बघा: एकाच रंगाचे आहेत की मध्ये गडद पट्टा आणि कडा फिकट? कडेला दात आहेत का? खवला बुडाशी चिकटलाय की ढालीसारखा मधोमध? खवल्यांचा उन्हापावसाशी फारसा संबंध नसतो. त्यामुळे जाणकार आधी तिथे बघतात. मी सुरुवातीला खवले म्हणजे धूळ समजून ब्रशने झाडून टाकायचो!

मग देठ. जमिनीजवळ आडवा काप घ्या आणि भिंग लावा. आत फिकट ठिपके किंवा पट्टे दिसतील, त्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या जुड्या. एक आहे, दोन आहेत की वर्तुळात अनेक? यावरून कूळच बदलू शकतं. देठाच्या वरच्या बाजूला पन्हाळीसारखी खाच आहे का, आणि ती बाजूच्या दांड्यांच्या खाचेला जाऊन मिळते का, हेही लिहून ठेवा. केस असतील तर ते सुईसारखे पारदर्शक आहेत की गाठीगाठीचे.

शिरांसाठी पान आभाळाकडे धरा. शिरा सुट्या सुट्या कडेला जातात की एकमेकींना मिळून जाळं करतात? जाळ्याच्या घरांत आणखी छोटी सुटी शीर शिरलेली आहे का? टेक्टारियात असते.

शेवटी पाठ. पाठीवरचे तपकिरी ठिपके किंवा रेघा म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके. त्यांचा आकार (गोल, लांबट, आकड्यासारखा), जागा (कडेला, शिरेवर, शिरेच्या टोकाला) आणि त्यांच्यावरचा पापुद्रा, या तीन गोष्टी लिहाच. पापुद्रा मूत्रपिंडासारखा असतो, छत्रीसारखा असतो, कधी नसतोच. पिकलेल्या पुंजक्यावरून तो गळून जातो, म्हणून कोवळा पुंजकाही बघा. नाहीतर "पापुद्रा नाही" असं लिहाल आणि तीच चूक पुढे सगळीकडे जाईल. हंसराजात आणखी एक गंमत आहे. तिथे पानाची कडच आत दुमडून पदरासारखी होते आणि पिशव्या त्या पदरावरच लागतात. टेरिसमध्येही कड दुमडते, पण पिशव्या पानावर असतात, पदर त्यांच्यावर नुसता झाकण घालतो. सुईने पदर उलटा केला की एका क्षणात दोन वंश वेगळे होतात.

बीजाणूंची रात्र

हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होतो.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, पुंजके गडद तपकिरी झाले पण अजून फुटलेले नाहीत, असं पान घ्या. पांढऱ्या गुळगुळीत कागदावर पाठ खाली करून ठेवा, वर वर्तमानपत्राची घडी आणि त्यावर एखादं हलकं पुस्तक. पंखा बंद. एक-दोन दिवसांनी पान उचललं की कागदावर पिवळ्या, तपकिरी किंवा काळपट भुकटीत पुंजक्यांची रांगोळी उतरलेली असते. कागद दुमडून पाकीट करा, वर तारीख आणि जागा लिहा. नुसती रंगाची नोंदही कामाची आहे.

पुढे सूक्ष्मदर्शक लागतो. बारावीपर्यंतच्या कुठल्याही कॉलेजात असतो तो पुरतो. ओळखीच्या सरांना दिवाळीच्या सुट्टीत विनंती करा, मिठाई न्या. बीजाणूंचे मुख्य आकार दोन: घेवड्याच्या दाण्यासारखा, ज्याच्यावर एक सरळ चीर असते, आणि तिकोनी, ज्याच्यावर तीन रेघा एका बिंदूत मिळतात. वरचं कवच गुळगुळीत, खवल्यांचं, जाळीदार, पंखासारख्या घड्यांचं असू शकतं. डांगच्या त्या नखाएवढ्या नेच्याची तपासणीही बीजाणूंच्या कवचापर्यंत गेली होती.

आता मोजणी. न फुटलेली पण पिकलेली एकच पिशवी सुईने उचलून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वर झाकणकाच ठेवून हळूच दाबा. पिशवी फुटते आणि बीजाणू बाहेर सांडतात. मोजा. ६४ आले तर साधारणपणे हा नेचा नर-मादी पेशींच्या मिलनातून पुनरुत्पादन करणारा. ३२ आले तर बहुधा मिलनाशिवाय वाढणारा. कारण असं: नेहमीच्या पिशवीत १६ मातृपेशी असतात, प्रत्येकीचे चार बीजाणू होतात. मिलन टाळणाऱ्या नेच्यात मातृपेशी होण्याआधीचं शेवटचं विभाजन अर्धवट राहतं, त्यामुळे गुणसूत्रं दुप्पट झालेल्या ८ मातृपेशी उरतात, आणि आठ चोक बत्तीस. पाच-सहा पिशव्या तरी मोजा, एकीवर विश्वास ठेवू नका. पहिल्यांदा मला ५९ आले होते, पाच काचेच्या कडेला पळाले होते.

बत्तीसवाल्यांपासून नवख्यांनी सावध राहावं. मिलन नाही म्हणजे प्रत्येक वंशावळ आईची हुबेहूब नक्कल. आईत एखादी छोटी वेगळी खूण असेल तर ती सगळ्या डोंगरभर तशीच उतरते. शंभर रोपांत तीच खूण दिसते आणि माणूस म्हणतो, बघा, किती पक्का फरक! चांदी नेच्यांचे आणि हंसराजांचे घोळ बरेचसे असेच आहेत. बीजाणू सुरकुतलेले, लहान-मोठे, रिकामे दिसले तर तो दोन जातींचा संकर असण्याची दाट शक्यता. जवळपास आई-बाप शोधा.

कॉलेजात असालच तर एक पिकलेली पिशवी कोरडीच दिव्याखाली ठेवून बघा. तिच्या पाठीवर जाड पेशींचं कडं असतं. ते सुकत सुकत मागे वाकतं, पिशवी उघडते, आणि मग कडं गुलेलीसारखं झटक्यात परत येतं. बीजाणू दृष्टीआड होतात. मी तासभर तेच बघत बसलो होतो, शेवटी शिपाईकाका कुलूप घेऊन आले.

नमुना दाबणं

परवानगी मिळाली, रोप मुबलक आहे आणि खरंच गरज आहे, तरच नमुना घ्या. खोडाचा तुकडा खवल्यांसकट हवा, नाहीतर नमुना निम्मा वाया. एक पान वर तोंड, एक खाली तोंड. लांब पान इंग्रजी झेड किंवा एनसारखं दुमडा. हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा, कागद साधारण ४२ बाय २९ सेंटिमीटरचा असतो, त्यात मावलं पाहिजे. डीएनएसाठी पानाचा छोटा तुकडा सिलिका जेलच्या पुडीत वेगळा ठेवा, तो दाबलेल्या नमुन्यापेक्षा चांगला टिकतो.

पावसाळ्यात कागद रोज बदला, पहिल्या दोन दिवसांत दोनदा. इगतपुरीला एका मुक्कामी मी आळस केला आणि चौथ्या दिवशी गठ्ठ्यातून बुरशीची पांढरी लोकर निघाली. त्यात एक नमुना परत न मिळणारा होता. आता लाकडी खोक्यात शंभर वॅटचा जुना बल्ब लावून वर गठ्ठा ठेवतो.

चिठ्ठी जागेवरच लिहायची: गाव, डोंगर, जीपीएस, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, कातळ की माती की झाडाचं खोड, ऊन की सावली, तुमचा क्रमांक. "त्र्यंबकजवळ" एवढंच लिहिलेला नमुना वीस वर्षांनी कुणाच्याच कामाचा नसतो.

कशाशी ताडून बघायचं

इथे बहुतेक उत्साह मावळतो, आणि खरं काम इथेच आहे. तुमच्या नमुन्याची तुलना त्या वंशातल्या सगळ्या शक्य जातींशी झाली पाहिजे, नाशिकच्याच नव्हे. नेच्याचे बीजाणू वाऱ्यावर जातात. कातळाच्या फटीत पंख्यासारखा वाढणारा मोरशिखा आपल्याकडे आहे तसाच आफ्रिकेतही आहे. नाशिकला नवा वाटलेला नेचा श्रीलंकेत किंवा चीनच्या युन्नानात शंभर वर्षांपूर्वी नाव मिळवून बसलेला असू शकतो.

मुंबई इलाख्यातल्या नेच्यांची पद्धतशीर नोंद ब्लॅटर आणि डी'आल्मेडा यांनी १९२२ मध्ये केली. त्याआधी मद्रासचे वनाधिकारी कर्नल बेडोम यांनी दक्षिणेतले नेचे चित्रांसह मांडले. ही जुनी कामं आता नेटवर मोफत उघडतात. नमुने बघायला पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम. आधी पत्र लिहा, वेळ घ्या, हात कोरडे ठेवून जा. नाव ज्या मूळ नमुन्यावरून ठरलं त्याची छायाचित्रं परदेशी हर्बेरियमांच्या संकेतस्थळांवर मिळतात. जुन्या नावांच्या चिखलात शिरायचं तर जपून. आशियातल्या नेच्यांवर आयुष्य घालवलेले ख्रिस्तोफर फ्रेझर-जेन्किन्स यांनी भारतातली कितीतरी 'नवी' नावं जुन्याच जातींची दुसरी नावं म्हणून बाजूला काढली. त्यांच्याशी सगळे सहमत नसतात, पण नवं नाव देण्याआधी त्यांनी त्या वंशाबद्दल काय म्हटलंय ते वाचणं भाग आहे.

कोणता फरक धरायचा? माझा ठोकताळा असा. आकारमान, रंग, पान किती कापलंय, हे एकटे आले तर सोडून द्या. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन खुणा, समजा खोडावरचे खवले, पुंजक्याची जागा आणि बीजाणूंचं कवच, एकदमच बदलत असतील तर कान टवकारा. निदान दहा रोपांत बघा, जमलं तर दोन जागी आणि दोन वर्षं. सगळ्यात जोरदार पुरावा म्हणजे दोन्ही प्रकार एकाच ओढ्याकाठी शेजारी शेजारी वाढतात आणि मधलं काहीच सापडत नाही. शेजारी राहून मिसळत नसतील तर त्याला कारण असणार.

गुणसूत्रं आणि डीएनए ही प्रयोगशाळेची कामं, सोबत कुणी तज्ज्ञ हवाच. एवढं लक्षात ठेवा: नेहमी वापरला जाणारा हरितद्रव्यकणांचा डीएनए बहुतेक नेच्यांत फक्त आईकडून येतो. संकराचा बाप त्यात दिसतच नाही. "डीएनए जुळला" म्हणून कुणी विषय संपवला तर कुठला डीएनए, हे विचारा. आणि गुणसूत्रं मोजायला बसणाऱ्यांना शुभेच्छा. ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटम या नेच्यात ती सुमारे १४४० आहेत.

ही सगळी वेगवेगळी ओळख कशाला, असं घरचे विचारतात. त्यांना मी साल्विनियाची गोष्ट सांगतो. केरळ आणि श्रीलंकेतली तळी, भातखाचरं बुजवून टाकणारा हा पाण्यावरचा नेचा बरीच वर्षं साल्विनिया ऑरिक्युलाटा समजला जात होता. त्याला खाणारे किडे त्याच जातीवरून आणून सोडले, उपयोग झाला नाही. १९७२ मध्ये मिचेल यांनी ही वेगळीच जात आहे असं दाखवून तिला साल्विनिया मोलेस्टा नाव दिलं. मग तिचं मूळ घर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं, तिथला बारीक सोंडकिडा मिळाला, आणि त्याने ती फस्त केली. एका नावाच्या चुकीपायी मधली वर्षं वाया गेली होती.

लिहायचा सराव

नवी जात मांडताना सर्वांत महत्त्वाचा असतो भेद सांगणारा छोटा परिच्छेद: ही जात सगळ्यात जवळच्या जातीपासून कशी वेगळी. त्याचा सराव ओळखीच्या जोडीवर करा. आपल्याकडचा साधा हंसराज, एडिअँटम फिलिपेन्स, आणि केसाळ हंसराज, एडिअँटम इन्सायसम, ही जोडी उत्तम. माझ्या वहीत पहिल्या वर्षी असं लिहिलेलं आहे: "दुसरा लहान, सुंदर, नाजूक. टोकाला मुळं फुटून नवं रोप येतं." यातलं काहीच उपयोगाचं नाही. सुंदर हे मोजता येत नाही, आणि टोकाला मुळं तर दोघांनाही फुटतात.

आता मी असं लिहीन: "एडिअँटम इन्सायसम हा एडिअँटम फिलिपेन्ससारखाच टोकाशी मुळं धरणारा, एकदाच विभागलेल्या पानाचा. फरक असा, की देठ व मध्यशिरेवर दाट लव (तिथे गुळगुळीत व चकचकीत); पर्णिका जवळजवळ बिनदेठाच्या (तिथे स्पष्ट देठाच्या); पर्णिकेची वरची कड खोल चिरलेली (तिथे उथळ); बीजाणूंचे पुंजके लहान, सुटे, प्रत्येक चिरेच्या टोकाला (तिथे लांब पट्टीसारखे)." प्रत्येक वाक्यात दोन्ही बाजू आल्या. वाचणाऱ्याला नमुना हातात घेऊन हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे. जिथे मोजता येतं तिथे आकडा, तोही एका पानाचा नाही, दहा पानांचा लहानात लहान ते मोठ्यात मोठा.

असं वीस जोड्यांचं लिहून झालं की कागदपत्रांकडे वळा. नियम आंतरराष्ट्रीय संहितेचे आहेत, वनस्पतींची नावं १७५३ पासून धरली जातात. १९५८ पासून एक मूळ नमुना नेमून द्यावाच लागतो. १९९० पासून तो कुठल्या हर्बेरियमात ठेवलाय ते छापावं लागतं. वर्णन पूर्वी लॅटिनमध्येच लागायचं, २०१२ पासून इंग्रजी चालतं, आणि तेव्हापासून ऑनलाइन नियतकालिकातलं प्रकाशनही ग्राह्य धरतात. नुसत्या समाजमाध्यमावर टाकलेलं नाव धरत नाहीत. भारतात शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याचं ३९वं कलम आहे: नवी जात सापडली तर नेमलेल्या भांडार संस्थेला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा. नाव जागेवरून, खुणेवरून किंवा कुणाच्या सन्मानार्थ द्या. स्वतःचं नाव देऊ नये असा शिष्टाचार आहे, त्यामुळे सुरुवातीलाच ती आशा सोडा.

मला फोटो पाठवायचाच असेल तर चार पाठवा. पाठीचा जवळून, पट्टी शेजारी ठेवून. देठाचा बुंधा खवल्यांसकट. पान आभाळासमोर धरून शिरा दिसतील असा. आणि अख्खं रोप, कशावर उगवलंय ते कळेल असं. वरच्या बाजूचा नाही पाठवला तरी चालेल.